लोखंड जोडण्याचा हक्क

दसरा जवळ आला की दिंद्रुडच्या रस्त्याकडेला ट्रॉल्या आणि उसाच्या टायरगाड्या येऊन उभ्या राहतात. कुणाच्या गाडीचा आख वाकलेला असतो, कुणाच्या ट्रॉलीचा हूक झिजून पातळ झालेला, कुणाच्या फाळक्याची बिजागरी तुटलेली. कारखान्यांचे गाळप सुरू व्हायच्या आत हे सगळे जोडून घ्यायचे असते, कारण एकदा माणूस फडावर गेला की गाडी मोडून चालत नाही. माझ्या थोरल्या भावाने याच रस्त्यावर वेल्डिंगचे दुकान टाकले. आता त्याची नजर गेली आहे, दुकान पुतण्या पाहतो. मी शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालो. पानिपत शिकवले, फ्रेंच राज्यक्रांती शिकवली. पण सुट्टीच्या दिवशी ज्या दुकानात मी अँगलचे दुसरे टोक धरून उभा राहत होतो, त्या दुकानाला काही इतिहास आहे हे माझ्या ध्यानात फार उशिरा आले.

रानावनातून चालणाऱ्या मोटारी घरच्या घरी कापून, जोडून, मजबूत करण्याचा एक मोठा शौक पाश्चात्त्य देशांत आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या जुन्या जीपगाड्या अमेरिकेत स्वस्तात विकल्या गेल्या आणि लोकांनी त्या डोंगरांत नेल्या. १९५३ साली कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडा पर्वतात जीपवाल्यांची पहिली मोठी जत्राच भरली. १९६७ पासून मेक्सिकोच्या वाळवंटात बाहाची शर्यत सुरू झाली. गाडी उलटली तर माणूस चिरडू नये म्हणून नळ्यांचा पिंजरा जोडायचा, पाटे उंच करायचे, पुढे जाड चॅनल लावायचा. ही कामे तिथला माणूस आपल्या मोटारखान्यात स्वतः करतो आणि 'स्वतः करा' असे शिकवणारी पुस्तके तिथे ढिगाने निघाली. त्याला अडवणारे कोणी नव्हते. पैसे, वेळ आणि यंत्र एवढेच लागत होते.

आमच्याकडे गावाचा कायदा याच्या नेमका उलट होता. 'स्वतः करू नका' हा तो कायदा.

त्र्यंबक नारायण अत्रे यांनी १९१५ साली गावाच्या रचनेवर जे पुस्तक लिहिले त्याला 'गाव-गाडा' असे नाव दिले. गावाला गाडा म्हणण्याची आपल्या भाषेची सवय जुनी आहे. मला मात्र त्या रूपकापेक्षा खरा गाडाच अधिक बोलका वाटतो. लाकडी बैलगाडी सुटी करून पाहावी म्हणजे जातिव्यवस्था सुटी होऊन समोर पडते. तुंबा, आरे, पुठ्ठे, दांड्या आणि जू सुताराचे. चाकावरची धाव, आख आणि आखाची कुणी लोहाराची. नाडे, कासरे, दावी मांगाने वळायची. चामड्याची वादी चांभाराची. गाडी आणि बैल कुणब्याचे, म्हणजे ज्याला जमीन त्याचे. मग महाराचे काय? महाराने गाडीच्या पुढे पळायचे. सरकारी अंमलदाराची गाडी गावात आली की वाट दाखवायला, सामान उतरवायला, बैलांना वैरण टाकायला, रात्री राखण करायला वेसकर हजर पाहिजे. गाडीच्या एकाही भागावर त्याच्या हाताची खूण नाही. त्याच्या पायांच्या खुणा मात्र चाकोरीच्या पुढे होत्या.

बलुतेदारांच्या याद्या गावागणिक थोड्या बदलतात. पण अनेक याद्यांत पहिल्या ओळीत सुतार, लोहार, महार आणि मांग ही नावे एकत्र येतात. शेतीला अधिक गरजेचे ते पहिल्या ओळीत, असा त्यामागचा हिशेब. खळ्यावर लोहाराच्या शेजारी नाव असलेल्या महाराला लोहाराच्या भात्याशेजारी बसता येत नव्हते. गरज एका ओळीत बसवत होती आणि विटाळ ओळ मोडत होता. दया पवारांनी १९७८ साली आपल्या आत्मकथनाला 'बलुतं' हे नाव दिले तेव्हा शहरातल्या वाचकाला हा शब्द नवा वाटला असेल. आमच्या मायला तो धान्याच्या मापाइतका रोजचा होता.

लोहाराची विद्या मोठी होती हे आधी कबूल केले पाहिजे. धाव बसवताना मी लहानपणी दुरून पाहिले आहे. चार फूट व्यासाच्या चाकाला साधारण साडेबारा फूट लांबीची लोखंडी पट्टी लागते. पट्टीची दोन टोके पांढरीफेक होईपर्यंत तापवून घणाने एकजीव करायची. हेच जुने वेल्डिंग. हे कडे मुद्दाम चाकापेक्षा किंचित लहान ठेवायचे. मग गोवऱ्यांच्या आगीत ते लालभडक होईपर्यंत तापवायचे. पाच-सहाशे अंशांपर्यंत तापलेले एवढे कडे इंचभर वाढते. त्या इंचभर वाढीच्या जोरावर ते चाकावर चढते, लगेच पाणी मारले की आवळते आणि सगळे आरे तुंब्यात घट्ट बसतात. हा इंच लोहाराने कुठल्या पुस्तकात वाचलेला नव्हता. लोखंडाच्या रंगावरून तो ताप ओळखत असे. गावोगाव फिरणाऱ्या घिसाड्यांच्या पालासमोर तर बाई घण मारायची आणि पुरुष सांडशीत लोखंड फिरवायचा; पोटात मूल असतानाही बाईचा घण थांबत नसे. म्हणून लोहार-घिसाडी आमचे शोषक होते असे मी लिहिणार नाही. तेही खळ्यावर हात पसरणारेच होते. पण त्यांच्याजवळ हत्यार होते, आमच्याजवळ नव्हते, आणि हत्याराभोवती जातीची रेघ होती.

माझ्या बापाची एक गोष्ट सांगतो. तो एका बड्या शेतकऱ्याच्या घरी साल घालत होता. रानात ओझ्याच्या गाडीच्या आखाची कुणी तुटली. लोहार परगावी गेलेला. बापाने दुपारभर बसून एक जुना खिळा दगडावर तापवला, ठोकला, वाकवला आणि कुणी बनवून गाडी घरी आणली. शाबासकी मिळेल अशी त्याची भाबडी कल्पना. मालकाने कुणी उपसून फेकली आणि म्हणाला, "लोहाराचं काम तू करणार, मग तुझं काम कोण, मी करू?" गाडी दोन दिवस तशीच उभी राहिली. मालकाचे नुकसान झाले ते त्याला चालले. पण महाराच्या हातची कुणी चालली नाही. बाप ही गोष्ट हसत सांगायचा. आम्हाला ते हसू कधी कळले नाही.

बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिनिर्मूलन' या प्रबंधात जात म्हणजे केवळ श्रमांची विभागणी नसून श्रमिकांचीच विभागणी आहे, असा मुद्दा मांडला. बापाच्या कुणीची गोष्ट मला त्या मुद्द्याचे भाष्य वाटते. केवळ काम वाटून दिलेले असते तर ज्याला जमले त्याने केले असते. इथे माणूसच वाटून दिलेला होता.

शहरात गेलेल्या आपल्या माणसांना हत्यार मिळाले का? काहींना मिळाले. गोदीत, रेल्वेच्या कारखान्यांत, दारूगोळ्याच्या कारखान्यांत महार कामगार शिरले. पण तिथेही रेघ त्यांच्या मागोमाग गेली. मुंबईच्या कापडगिरण्यांत विणाई खात्याचे दार अस्पृश्यांना बंद होते. धोट्यातला तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण कामगाराला आमच्या थुंकीचा विटाळ होत असे. पगार त्याच खात्यात अधिक होता. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढे आणला, तो कामगार एकजुटीच्या पुढाऱ्यांना अडचणीचा वाटला. बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या १९६३ च्या संग्रहातील नायकही रेल्वेतल्या नोकरीसाठी परगावी जातो आणि त्याला जात चोरावी लागते. यंत्राला जात नसते असे आपण भाषणांत म्हणतो. यंत्राला नसते, यंत्राशेजारी उभ्या राहणाऱ्याला असते.

१९४२ च्या जुलैत बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला त्यांनी लॉर्ड लिनलिथगो यांना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे जे निवेदन दिले, त्यात नोकऱ्या आणि शिष्यवृत्त्यांबरोबर तांत्रिक शिक्षणाची मागणी होती. सरकारी छापखाने आणि रेल्वेचे कारखाने यांत अस्पृश्य मुलांना उमेदवार म्हणून घ्यावे असे त्यांनी सुचवले होते. या निवेदनाची आपल्याकडे चर्चा होते ती बहुधा राखीव जागांच्या संदर्भात. कारखान्यातल्या उमेदवारीचा भाग मागे राहतो. आपल्या चळवळीने कारकून, मास्तर आणि वकील यांची वाट जेवढ्या जिद्दीने रुंद केली तेवढी फिटर, टर्नर आणि वेल्डरची केली नाही, असे माझे मत आहे. मी स्वतः मास्तर झालो म्हणून हे म्हणण्याचा मला थोडा अधिकार आहे.

त्याच काळात समुद्रापलीकडे काय चालले होते पाहा. विजेच्या ठिणगीने लोखंड वितळवून जोडण्याची युक्ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निघाली होती. स्वीडनच्या ऑस्कर शेलबर्ग याने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात रॉडवर लेप देण्याची पद्धत काढली. तो लेप जळून वितळलेल्या लोखंडावर पांघरूण घालतो आणि जोड हवेने खराब होत नाही. आपल्या दुकानात रॉडवर जो राखाडी मसाला दिसतो तो याच युक्तीचा वंशज. महायुद्धात अमेरिकेने रिव्हेट मारण्याऐवजी वेल्डिंग करून सुमारे सत्तावीसशे 'लिबर्टी' जहाजे बांधली. माणसे कमी पडली म्हणून बायकांना आणि काळ्या कामगारांना काही आठवड्यांत वेल्डिंग शिकवले. शिकवले, पण त्यांच्या संघटनेने काळ्या वेल्डरांना बरोबरीचे सभासदत्व नाकारले. त्यांच्यासाठी वेगळी, हक्क नसलेली शाखा काढली आणि वर्गणी मात्र घेतली. कॅलिफोर्नियातील मरिनशिप गोदीतील जोसेफ जेम्स नावाच्या काळ्या वेल्डरने हे सहन केले नाही. तो न्यायालयात गेला आणि १९४४ च्या अखेरीस कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, ज्या संघटनेचे सभासद झाल्याखेरीज काम मिळत नाही तिला वर्णावरून दार बंद करता येणार नाही. आपल्या तरुणांना ओकलंडचे ब्लॅक पँथर माहीत असतात. त्याच खाडीच्या काठावर वीस-बावीस वर्षे आधी हातात वेल्डिंगचा चिमटा धरलेला हा माणूस त्यांना माहीत असावा असे मला वाटते.

आता मराठवाड्याकडे येतो. निजामाच्या राज्यातून आम्ही १७ सप्टेंबर १९४८ ला सुटलो, तेव्हा आमच्या भागात वीज नव्हती. त्यानंतरही बरीच वर्षे मोटारीचे काही जोडायचे झाले तर कार्बाइडच्या डब्यावर चालणारा गॅसचा दिवा असलेले एखादे दुकान मोठ्या गावी गाठावे लागे. १९७१ साली परळीचे औष्णिक वीज केंद्र सुरू झाले. पुढच्याच वर्षी दुष्काळ पडला. आमच्या घरची चार माणसे खडी फोडायला गेली. दादा तेव्हा सतरा वर्षांचा होता. पुढे परळीला नवे मोठे संच उभे राहू लागले, तिथे तो एका ठेकेदाराकडे हेल्पर म्हणून लागला. त्याचे काम वेल्डरला रॉड देणे, जोडावरचा मळ हातोडीने झाडणे आणि पाणी आणणे. पाणी आणण्याचे काम त्याच्याकडून दोन दिवसांत काढून घेतले गेले, का ते सांगायला नको. त्यामुळे त्याला रॉडजवळ जास्त वेळ मिळाला, असे तो म्हणतो. जेवणाच्या सुट्टीत उरलेल्या तुकड्यांवर तो ठिणगी पाडायला शिकला.

वाचकांपैकी ज्यांनी हे काम जवळून पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो. रॉड लोखंडाला टेकवला तर चिकटतो, दूर नेला तर विझतो. रॉडच्या जाडीइतके अंतर राखून तो पुढे सरकवायचा, आणि सरकवत असताना तो जळून आखूड होत असतो, म्हणून हात एकाच वेळी खाली आणि पुढे गेला पाहिजे. सव्वातीन मिलिमीटरच्या नेहमीच्या रॉडला शंभर-सव्वाशे अँपिअर करंट लागतो. कमी पडला तर लोखंड वरवर थापले जाते, आत शिरत नाही. जास्त झाला तर पत्र्याला भोक पडते. वेल्डर जोड पाहत नाही, वितळलेल्या लोखंडाचे छोटे तळे पाहतो आणि ते तळे ओढत नेतो. हे सगळे काळ्या काचेतून. काच नसेल, किंवा घाईत एखाद-दुसरा टाका उघड्या डोळ्यांनी मारला, तर दिवसा काही कळत नाही. रात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखे होते आणि माणूस भिंतीला डोके घासतो. आमच्या मायने दादाच्या डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या किती रात्री ठेवल्या त्याचा हिशेब नाही. जस्ताचा पत्रा जोडला की त्या धुराने संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. त्यावर गूळ खा, दूध पी असे सल्ले मिळत. दूध कुठून आणणार?

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. त्या पावसाळ्यात दादा घरी येऊ शकला नाही. काही वर्षांनी आला तो जुना ट्रान्सफॉर्मर घेऊनच. गावात जागा कुणी भाड्याने देईना. "आवाज होतो, ठिणग्या उडतात" हे कारण सांगितले जाई. त्याच आळीत पिठाची गिरणी खडखडत होती. शेवटी रस्त्याच्या कडेला, सरकारी हद्दीत, चार खांब आणि पत्रे टाकून दुकान उभे राहिले. दलित तरुणांची दुकाने गावाबाहेर रस्त्यावर का असतात याचे उत्तर अर्थशास्त्राचे लोक 'बाजारपेठ' असे देतील. खरे उत्तर गावात आहे. एवढे मात्र झाले, की रस्त्यावर असल्यामुळे गाड्या आपोआप दारात आल्या.

गिऱ्हाईक येऊ लागले त्यामागेही एक मजेची गोष्ट होती. आगीतून गेलेल्या लोखंडाला विटाळ नसतो, असा शास्त्रार्थ कुणीतरी काढला आणि तो सगळ्यांना सोयीचा वाटला. नांगराचा फाळ जोडून घेणारा माणूस दुकानातल्या माठाकडे मात्र पाहत नसे. लोखंडाचा विटाळ विजेने जाळला, पाण्याचा जळायला पुढची वीस वर्षे लागली. काहींच्या घशात तो अजून अडकलेला आहे.

उसाने या दुकानाला खरे काम दिले. प्रवरानगरला १९५० साली सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि पुढे नगर, पुणे, कोल्हापूरकडे कारखाने वाढत गेले, तसा बीड जिल्हा ऊसतोड मजुरांचा जिल्हा बनला. लाकडी गाडीची अरुंद धाव काळ्या रानात चाकूसारखी घुसते. रबरी टायर रुंद बसतो आणि घुसत नाही. त्याच बैलजोडीकडून टायरगाडी दुपटीहून अधिक, दोन-अडीच टन माल ओढवून घेते. कारखान्यांना हेच पाहिजे होते. गाडी सेंटरची रीत अशी, की बैल मजुराचे, टायरगाडी कारखान्याची, तिचे भाडे मजुराच्या हिशेबातून कापायचे आणि मुकादमाची उचल वेगळी. या गाडीत सुताराचा तुंबा नाही, लोहाराची धाव नाही. जुन्या मोटारीचा आख, चॅनलच्या दांड्या, अँगलची साटी, सगळे रॉडने जोडलेले. रानातून, ओढ्यातून, फडातल्या सऱ्यांवरून जाणारे हे आमच्याकडचे खरे आडवाटेचे वाहन. त्याच्यावर शौक म्हणून कुणी पिंजरा जोडत नाही; रात्री त्याच्या खाली कोप करून माणसे झोपतात.

पुढे माजलगावच्या धरणाचे पाणी फिरले, आमच्याच भागात ऊस उभा राहिला, शेजारी तेलगावला कारखाना झाला आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या वाढल्या. नव्वदच्या दशकात कमांडर जीप आल्या. कंपनीने दिलेल्या जागेत मावतील त्याच्या दुप्पट माणसे बसवण्यासाठी मागे लांब बाकडी, वर कॅरिअर आणि लोंबकळणाऱ्यांसाठी पायठाण, हे सारे रस्त्यावरच्या दुकानांतच जोडले गेले. एसटी न पोहोचणाऱ्या तांड्या-वस्त्यांवरची बाळंतीण याच बाकड्यावरून दवाखान्यात गेली हे खरे आहे. त्यातल्या काही जीप उलटून माणसे मेली हेही खरे आहे.

म्हणून या कामाचे कौतुक करताना मी हात आखडता घेतो. 'जुगाड' हा शब्द अलीकडे शहरी विद्वानांना फार आवडू लागला आहे. गरिबाची कल्पकता म्हणून त्याच्यावर व्याख्याने होतात. तुटलेला जोड त्या व्याख्यानाला येत नाही. लिबर्टी जहाजांचीच गोष्ट घ्या. त्यांतल्या कित्येक जहाजांना तडे गेले. १९४३ च्या जानेवारीत स्केनेक्टडी हे वेल्डिंगने बांधलेले तेलवाहू जहाज तर धक्क्याला शांत उभे असताना मधोमध दुभंगले. थंडीत ठिसूळ होणारे पोलाद आणि सदोष जोड ही त्याची कारणे निघाली. लिबर्टी जहाजांत पुष्कळदा चौकोनी झाकणाच्या काटकोनी कोपऱ्यातून तडा सुरू होत असे. रिव्हेटच्या जहाजात तडा एका पत्र्यापाशी थांबे. वेल्डिंगने सगळे पत्रे एक केले, तसा तडाही सगळ्यांचा झाला. कोपरे गोल केल्यावर पुष्कळ फरक पडला. दादाला हे जहाज माहीत नव्हते. पण ट्रॉलीच्या चासीला आडवी पट्टी सरळ रेषेत मारली की वर्षात तिच्याच कडेने चॅनल तुटतो, आणि तीच पट्टी टोकांना निमुळती कापून मारली की टिकते, हे त्याने चार ट्रॉल्या तुटल्यावर ओळखले. त्या चार ट्रॉल्यांपैकी एक उसाने भरलेली होती. सुदैवाने उतारावर कुणी नव्हते.

कायद्याचे म्हणणेही ऐकले पाहिजे. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने 'जुगाड' हेही मोटार वाहनच आहे, नोंदणीवाचून ते रस्त्यावर आणता येणार नाही असे सांगितले. २०१९ च्या जानेवारीत, कंपनीने दिलेल्या मूळ घडणीत फेरफार केलेल्या वाहनांना मान्यता नाही असा निकाल दिला. हेतू जीव वाचवण्याचा आहे आणि तो मला मान्य आहे. माझी तक्रार वेगळी आहे. मोठ्या शहरात लाखो रुपये ओतून उंच केलेली, पुढे लोखंडी बंपर लावलेली गाडी दिमाखात फिरते आणि वर्तमानपत्रात तिचा फोटो येतो. पोलिसाची शिट्टी वाजते ती तीन माणसे जास्त बसवलेल्या जीपवर. आणि दोन-दोन ट्रॉल्या जोडून, मागे लाल दिवा नसलेला ट्रॅक्टर रात्रभर कारखान्याकडे धावतो, तेव्हा शिट्टी कुठे असते? तो माल कुणाचा आहे यावर ते ठरते.

मालकीचा प्रश्न इथे येऊन भिडतो. लोखंड जोडण्याचा हक्क आम्हाला मिळाला. जोडलेल्या वस्तूवर हक्क मिळाला का? सामाजिक न्याय विभागाने २०१२ साली अनुसूचित जाती व नवबौद्धांच्या बचत गटांना मिनी ट्रॅक्टर देण्याची योजना आणली. साडेतीन लाखांची मर्यादा, त्यात नव्वद टक्के, म्हणजे तीन लाख पंधरा हजार, अनुदान आणि गटाने पस्तीस हजार भरायचे. योजना चांगली होती. आमच्या दुकानात असे ट्रॅक्टर आले. छोट्या ट्रेलरला फळ्या वाढवून द्या, औताला हूक बसवून द्या म्हणून. आपल्या बायकांचा गट ट्रॅक्टर घेऊन येतो हे दादाने डोळे भरून पाहिले, तेव्हा त्याला थोडे दिसत होते. पण गटाचे नाव एका वस्तीचे आणि ट्रॅक्टर दुसऱ्याच कुणाच्या दारात, असाही प्रकार मी पाहिला आहे. आणि ज्याच्याजवळ जमीन नाही त्याने ट्रॅक्टर कुणाच्या रानात चालवायचा, हे त्या योजनेत कुठेच नव्हते. आता उसाच्या फडात तोडणीची अवाढव्य यंत्रे उतरू लागली आहेत. त्यांचे सुटे भाग कंपनीचा माणूस बदलतो. रॉडला तिथे फारसे काम नाही.

जाता जाता त्या लोहाराबद्दल. टायरगाड्या आल्या, धावा बसवणे बंद झाले, सुरुवातीला फाळ आणि कोयते त्याच्याकडे राहिले, मग तेही बाजारात तयार मिळू लागले. म्हातारा कधीमधी आमच्या दुकानासमोरच्या लिंबाखाली येऊन बसे. आत येत नसे. एकदा दादा जीपचा तुटलेला पाटा जोडत होता. तिसऱ्यांदा जोडला आणि तिसऱ्यांदा जोडाच्या शेजारी कट् करून तडकला. साधे लोखंड मऊ असते, पाट्याच्या पोलादात कार्बन त्याच्या दुपटी-तिपटीने असतो. ते एकदम गार झाले की काचेसारखे होते. दादाला कार्बन ठाऊक नव्हता. म्हातारा बाहेरून बराच वेळ पाहत होता. मग उठला, पत्र्याच्या आत आला आणि म्हणाला, "आरं, आधी तापव की त्याला. आन् जोडल्यावर राखंत पुरून ठिव. वाऱ्यावर गार झालं की तडकतंय ते."

"मामा, किती तापवू?" दादाने विचारले.

"शेणाची गवरी टेकवली की धूर निघाला पायजे."

चुलीतली राख मायने घमेल्याने आणून दिली. पाटा रात्रभर त्या राखेत राहिला. सकाळी म्हातारा स्वतः आला, जोडावर हातोडी मारून आवाज ऐकला आणि काही न बोलता माठाकडे गेला. पुतण्या पुढे आयटीआयत शिकून आला तेव्हा त्याच्या वहीत हीच गोष्ट होती: आधी तापवणे, कमी हायड्रोजनचा रॉड, सावकाश थंड करणे. म्हातारा वारल्यावर त्याच्या मुलाने ऐरण भंगारात काढली. दादाने ती वजनाच्या भावाने विकत घेतली. बाभळीच्या ठोकळ्यात ठोकलेली ती ऐरण दुकानात उजव्या हाताला आहे. वाकलेले चॅनल तिच्यावरच सरळ करतात.